फाइलबाहेरची पुडी

सोनटक्के काकांविषयी मी लिहावं, हे खरं म्हणजे बरोबर नाही. त्यांना तीस-पस्तीस वर्षं ओळखणारी मराठी माणसं दिल्लीत आणि गाझियाबादेत आहेत. मी त्यांच्या गच्चीवरच्या एकट्या खोलीत, जिला दिल्लीत बरसाती म्हणतात, एक वर्ष आणि चार महिने भाड्याने राहिलो, आणि शेवटी त्यांनीच मला खोली सोडायला सांगितली. अशा माणसाने घरमालकाबद्दल चांगलं लिहिलं तरी लोकांना संशय येतो आणि वाईट लिहिलं तर खात्री पटते. शिवाय आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणाला नाही. वडील वाशीमकडच्या एका शाळेत शिपाई आहेत. त्यांची सही हजेरीपटावर होते, बाकी कुठे नाही. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल काय सांगायचं असतं आणि काय झाकायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. तरी लिहितो, कारण काकांच्या आजारपणाची जी हकिकत इथल्या मराठी मंडळात सांगितली जाते ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

खोली बघायला मी गेलो, त्याआधी तीन घरमालकांनी मला आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं सांगितलं होतं. काकांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर एक कोरी फाइल ठेवली आणि विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

मी म्हणालो, कोणत्याच नाहीत.

"ताप आल्यावर काय घेतोस?"

"मेडिकलवाला देतो ते."

काकांनी पेन खाली ठेवलं. आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का गं, हा मेडिकलवाला देतो ते घेतो." आतून काकूंचा आवाज आला, की आधी त्याला पाणी तरी द्या. मग काकांनी फाइलवर माझं नाव लिहिलं, प्रशिक, आणि खाली एक रेघ मारली. कोणत्या औषधाने कधी अंगावर काही उठलं होतं का, हे विचारलं. लहानपणी घशासाठी दिलेल्या एका गोळीने अंगभर गांधी उठल्या होत्या, पण गोळीचं नाव मला ठाऊक नव्हतं. काकांनी तिथल्या तिथे माझ्या आईला फोन लावायला सांगितला. आईला नाव आठवेना, पण गोळीचा रंग आणि डॉक्टरांचं गाव आठवलं. आठ दिवसांनी काकांनी त्या गावच्या दवाखान्यातून नाव काढलं, लाल शाईने चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या पाकिटात ठेवली. भाड्याचं बोलायला ते त्यानंतर बसले. माझ्या नावाची फाइल कोणीतरी उघडली याचं मला तेव्हा हसू आलं होतं, आणि थोडं बरंही वाटलं होतं.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, भजनाला जातात. काकांनी औषधांचं कार्यालय उघडलं. सुरुवात काकूंपासून झाली. काकूंना हृदयाचे एक डॉक्टर होते आणि थायरॉइडचे दुसरे. एकदा काकांनी दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघितल्या, तेव्हा रक्तदाबाची एकच गोळी दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने दिलेली निघाली. काकू दोन महिने दुप्पट घेत होत्या आणि उठताना भिंत धरत होत्या. काका म्हणायचे, "शरीर म्हणजे मंत्रालय आहे, प्रशिक. हृदयाच्या खात्याला ठाऊक नसतं थायरॉइडच्या खात्यात काय चाललंय. संयुक्त बैठक कोणी बोलवायची? डॉक्टर नाही बोलवत. आपण बोलवायची."

तेव्हापासून त्यांचे तीन प्रश्न ठरले होते. ही गोळी कशासाठी? हिने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर कोणाला कळवायचं? आणि तिसरा, त्यांचा सर्वात आवडता: "नवा माणूस खात्यात येतोय, जुन्यांची हरकत आहे का?" हाच प्रश्न हिंदीत ते असा विचारायचे, की डॉक्टर साहब, पुराने स्टाफ को कोई आपत्ति तो नहीं? एका तरुण डॉक्टरने वैतागून सांगितलं होतं, अंकल, इंटरनेट कम देखा करो. काका शांतपणे म्हणाले, "मैं इंटरनेट नहीं देखता. मैं फाइल देखता हूँ." आणि त्यांनी फाइल पुढे सरकवली. डॉक्टरने कंटाळत दोन पानं उलटली, मग खुर्ची पुढे ओढली आणि नुकतंच लिहिलेलं एक औषध खोडलं. ही गोष्ट मी स्वतः बघितली आहे.

मंडळात मात्र याचा थोडा जाच होता. गणपतीच्या आरतीनंतर काका प्रसाद घेता घेता विचारायचे, गुडघ्याला काय घेताय, पोटात जळजळतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ही दुखण्यावरची कशी घेता. लोक त्यांना लांबून येताना बघून खोकला दाबायचे. पण रात्री नव्या गोळीचं पाकीट हातात आलं, की त्याच लोकांचे फोन यायचे. काका प्रत्येक फोनवर एकच वाक्य आधी म्हणायचे, "मी डॉक्टर नाही, मी फक्त विचारायला सांगणारा आहे."

त्या फाइलीचा एक नियम होता आणि तो काका फार अभिमानाने सांगायचे. कागद असल्याशिवाय नोंद नाही. डॉक्टरची चिठ्ठी किंवा दुकानाचं बिल हवं. "तोंडी आदेश ग्राह्य धरला की खातं बुडालं," असं ते म्हणायचे. पस्तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिलेल्या माणसाला हे शोभूनच दिसायचं. मलाही तेव्हा त्यात काही खोट दिसली नाही.

काकांकडे आणखी एक काम आपोआप आलं होतं. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा दिल्लीत आला, की लाल किल्ल्यानंतर त्याला पानिपत बघायचं असतं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात कोणाचे तरी मेव्हणे किंवा साहेबांचे साडू उतरायचे आणि तिथला ओळखीचा कर्मचारी काकांना फोन करायचा. काका टॅक्सी ठरवून त्यांना युद्धस्मारकापर्यंत नेत, सगळी हकिकत सांगत, पाहुण्यांचे डोळे भरले की थोडं थांबत आणि येताना लोणचं घेऊन देत. सुटीच्या दिवशी मीही जायचो. पण त्या वर्षी काकांचे गुडघे इतके दुखायला लागले, की ते गाडीतच बसून राहायचे आणि इतिहास मला सांगावा लागायचा. मी तो चुकीचा सांगतो असं त्यांचं मत होतं.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि वजन कमी करायला सांगितलं होतं. दुखण्याच्या गोळ्या काकांना द्यायला ते तयार नव्हते, कारण काकांना रक्तदाब होता, साखर होती, आणि मूत्रपिंडांवर ताण नको होता. काकांनी ते समजून घेतलं. ते स्वतःच दहा जणांना हेच सांगत. पण समजून घेतल्याने गुडघा थांबत नाही. एका खेपेला टॅक्सीवाल्याने पानिपतच्या बसअड्ड्यामागच्या एका वैद्याचं दुकान दाखवलं. त्याची आई म्हणे तिथल्या पुड्यांनी खाटेवरून उठली होती. काका दुकानात शिरले. मी मागे होतो.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, इसमें क्या है? वैद्य म्हणाला, सब जड़ी-बूटी है, बाबूजी. काकांनी चिठ्ठी मागितली. तो हसून म्हणाला, "इसका परचा नहीं होता. परचा तो अंग्रेज़ी दवाई का होता है." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. तीस पुड्या कागदात बांधून घेतल्या आणि गाडीत बसले. घरी आल्यावर फाइल उघडली नाही. कागद नव्हता, म्हणून नोंद नव्हती. आणि नोंद नव्हती, म्हणून बाकीचे दोन प्रश्नही आले नाहीत.

पुडीचा गुण असा आला, की काकूंचासुद्धा विश्वास बसला. पाचव्या दिवशी काका गच्चीवर आले. मी कपडे वाळत घालत होतो. त्यांनी तिथल्या तुळशीभोवती एक फेरी मारून दाखवली आणि खाली जाताना कठडा धरला नाही. पुढच्या पाहुण्यांना त्यांनी स्वतः इतिहास सांगितला. मी किती चुकीचा सांगत होतो तेही सांगितलं. येताना पुड्या घेतल्या. नंतर पाहुणे नसतानाही आम्ही पानिपतला जाऊ लागलो. एकदोनदा मी एकटाच बसने जाऊन पुड्या आणल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

तीन-चार महिन्यांत काकांचा चेहरा गोल झाला. मंडळात सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. मग साखर वाढली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काकांनी तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, नोंद केली. मग रक्तदाब वाढला. आणखी एक गोळी आली, तीही जुन्या स्टाफची ना-हरकत घेऊन. मग पायांवर सूज आली, म्हणून लघवीची गोळी आली. फाइल इतकी जाड झाली, की काकूंनी तिला रिबन बांधली. डॉक्टर म्हणाले, आपके जैसा पेशंट मिलना मुश्किल है. काका ते वाक्य दोन दिवस सांगत होते. जो आरोपी होता तो फाइलच्या बाहेर बसलेला होता आणि आत एकेक निरपराध माणूस भरती होत होता. हे सुचायला मला बरेच दिवस लागले, आणि सुचल्यावर बोलायला त्याहून जास्त.

मी कोण होतो? भाडेकरू. माझ्या घरी मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा. हा माणूस तर मला प्रश्न विचारायला शिकवणारा होता. मी तीन वेळा जिना उतरून परत वर गेलो. चौथ्या वेळी काकू भाजी निवडत होत्या आणि काका बाहेरच्या खोलीत नोंदी करत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "काका, पुडी कशाची आहे ते आपण डॉक्टरांना विचारायचं का? म्हणजे जुन्यांची हरकत आहे का, एवढंच."

काकूंचा हात थांबला. काकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ते औषध नाही. ते देशी आहे."

"पण दुखणं थांबतं ना त्याने."

"प्रशिक, तू बसला नाहीस अजून. बस."

मी बसलो. त्यांनी मला अभ्यास कसा चाललाय ते विचारलं, परीक्षा कधी ते विचारलं, आणि विषय तिथेच मिटला. निदान मला तसं वाटलं. मी निघताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मंडळात बोलायचं नाही. लोक म्हणतील, दुसऱ्याच्या घरी झडती आणि स्वतःच्या घरी हे." मी मान डोलावली. त्यांच्या भीतीचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. गुडघ्यापेक्षा त्यांना त्या फाइलीची अब्रू मोठी होती.

परीक्षा संपल्यावर मी गावी गेलो. मी गेल्यानंतर काकांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. उरलेल्या सगळ्या पुड्या त्यांनी एका सकाळी मोरीत ओतल्या आणि काकूंना सांगितलं, पोरगा बरोबर बोलला, आजपासून बंद. त्यांचा स्वभाव तसाच. ठरवलं की ठरवलं. पण असल्या पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने घेतलं, की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम बंद केलं तर काहीच उरत नाही. ते डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळूच उतरवावं लागतं. काकांच्या भाषेत सांगायचं, तर कायमचा कर्मचारी रजेवर पाठवला होता आणि बदलीच्या माणसाला एका दिवसात काढून टाकलं. आमच्या दोघांच्या प्रश्नांमध्ये औषध सुरू कसं करायचं ते सगळं होतं. थांबवायचं कसं, हे त्यांच्याही यादीत नव्हतं आणि माझ्याही.

काकूंचा फोन आला तेव्हा मी आईबरोबर बाजारात होतो. काका चार दिवस उलट्या करत होते, उभे राहिले की पडत होते. आज सकाळी डोळे उघडत नव्हते, म्हणून दवाखान्यात आणलं होतं. साखर एकदम खाली गेली होती, रक्तदाब लागत नव्हता. वाढवलेल्या सगळ्या गोळ्या अजून चालूच होत्या. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेत होते? काकूंनी रिबन सोडून फाइल दिली. डॉक्टरांनी आणखी काही, वैद्याचं वगैरे, असंही विचारलं होतं.

"काय सांगितलंत काकू?"

"नाही म्हटलं." मग म्हणाल्या, "ह्यांनी कोणाला सांगायचं नाही म्हटलं होतं ना. आणि तू बोललास म्हणून आता तर एकदम बंदच केली होती की."

मी हातातली पिशवी आईकडे दिली. मी कधी डॉक्टरशी फोनवर बोललो नव्हतो. माझी हिंदी कॉलेजात अजून लोकांना हसवायची. मी म्हणालो, "काकू, डॉक्टरांना फोन द्या."

"काय सांगणार आहेस?"

"जे फाइलीत नाही ते."

"ते उठल्यावर मला काय म्हणतील रे?"

"उठले तर म्हणतील ना, काकू."

हे मी कसं बोललो, मला माहीत नाही. काकूंनी फोन दिला. मी डॉक्टरांना पुडी, दुकान, महिने, गोल चेहरा, सूज आणि पुड्या आणणारा मीच, हे सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाच विचारलं, अचानक बंद कर दी? मी म्हणालो, जी, मेरे कहने पर. पलीकडे ते कोणाला तरी इंजेक्शन आणायला सांगताना ऐकू आले आणि फोन बंद झाला.

काका वाचले. बारा दिवसांनी घरी आले. मी परत आलो तेव्हा ते पलंगावर बसून होते, चेहरा उतरत चालला होता. स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टर थोड्या थोड्या कमी करत होते. वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. ते बोलले ते असं, की बंगळूरला असलेली त्यांची मुलगी काही दिवस राहायला येणार आहे, तेव्हा बरसाती महिनाअखेरीला रिकामी करून हवी. एक लेखी चिठ्ठीही दिली, तारीख घालून, खाली सही करून. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. दवाखान्याच्या कागदावर पुडीचा उल्लेख आला होता. मंडळातल्या एका डॉक्टरबाईंनी तो वाचला होता आणि ते सगळीकडे झालं होतं. मला तो राग रास्त वाटला. मी माझ्या दोन बॅगा घेतल्या आणि नॉर्थ कॅम्पसजवळच्या एका वसतिगृहात गेलो. दिवाळीला फोन केला, तेव्हा काका "ठीक, ठीक" म्हणाले आणि फोन काकूंना दिला. आंबेडकर जयंतीला केला, तेव्हा काकू म्हणाल्या, ते बाहेर गेलेत. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काकांनी एवढी सवय लावूनही मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. काका सकाळी चहा घेता घेता गेले. हृदय थांबलं, कोणाचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे झाले होते, मला त्या आधी कळवू शकल्या नव्हत्या. माझा नंबर काकांच्या वहीत होता आणि ती वही सापडत नव्हती.

मग त्यांनी सांगितलं, की शोकसभेला मंडळाची माणसं बसली असताना पाच अनोळखी माणसं दारात आली. एक म्हातारा जाट, फेटा बांधलेला, दोन बायका, एक शिंपी आणि त्याची सून. पानिपतहून बस बदलत आले होते. काका वर्षभर दर मंगळवारी तिथे जायचे, त्या वैद्याच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. दुकानातून पुड्या घेऊन कोणी बाहेर आलं, की त्याला चहा पाजून विचारायचे, और कौन-सी गोलियाँ चलती हैं. मग स्वतःला काय झालं होतं ते सांगायचे, सगळं, पायांच्या सुजेपासून. म्हणायचे, एकदम बंद मत करना, पहले अस्पताल जाओ, और परचा न हो तब भी डॉक्टर को बताओ. वैद्याने दोनदा टपरीवाल्याला दम दिला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी काका घरून स्वतःचं स्टूल घेऊन गेले होते.

दोन मंगळवार ते आले नाहीत, म्हणून त्या लोकांनी काकांच्या हातच्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन करून पत्ता विचारून घेतला होता. नाव त्यांना ठाऊक नव्हतं. काकू म्हणाल्या, भर सभेत, सगळ्या मंडळासमोर, त्या म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "पुड़िया वाले बाबूजी का घर यही है?"

"मग तुम्ही काय म्हणालात, काकू?"

"म्हटलं, हो. हेच."